गुणिले पंचेचाळीस

शाळेची सहल म्हटलं की आईबाबांच्या पिढीला रायगड आठवतो, नाहीतर वेरूळ-अजिंठा. एसटीचा लाल डबा, पुरी-भाजी आणि मागच्या सीटवर अंताक्षरी. आमच्या बॅचचं प्रकरण जरा हाय-फाय! आमच्या वेळी शाळेच्या सहली विमानात बसायला लागल्या होत्या. कुणाची शाळा ‘नासा’ दाखवायला थेट फ्लोरिडाला न्यायची, कुणाची दुबईला. आणि बऱ्याच जणांचं ठरलेलं डेस्टिनेशन म्हणजे... अर्थातच सिंगापूर.

आम्ही गेलो डिसेंबर २०१२ मध्ये, नववीत असताना. एकसारख्या पिवळ्या टोप्या, गळ्यात आय-कार्ड आणि दर अर्ध्या तासाने हजेरी. पहिला धमाका सहार एअरपोर्टवरच झाला. सिंगापुरात खसखस न्यायला बंदी आहे, असं टूर लीडरने जाहीर केलं आणि एका मुलाच्या आईने खास ट्रिपसाठी केलेले अनारसे आम्ही चेक-इनच्या रांगेत उभ्या उभ्या संपवले. विमानात भरायला जे पांढरं कार्ड मिळालं, त्यावर लाल अक्षरांत इशारा होता, ड्रग्ज आणणाऱ्याला मृत्युदंड. झालं! ज्याच्या बॅगेत हिंगाष्टक चूर्ण होतं, त्याला चांगी येईपर्यंत झोप लागली नाही.

पुढचे पाच दिवस टिपिकल. मर्लायनच्या तोंडातलं पाणी पितोय असा फोटो, नाइट सफारी आणि रोज रात्री ‘इंडियन डिनर’. गंमत म्हणजे तेव्हा पाहिलेलं बरंचसं आता तिथे नाहीच. सेंटोसावरचं अंडरवॉटर वर्ल्ड २०१६ मध्ये बंद झालं. तिथला ३७ मीटर उंच मर्लायन २०१९ मध्ये बंद झाला आणि नंतर पाडलाही. १९७१ पासूनचा जुराँग बर्ड पार्क जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला आणि पक्षी मंडाईच्या नव्या पार्कात राहायला गेले. उलट गार्डन्स बाय द बे तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचं होतं. ते आम्ही बसच्या खिडकीतून पाहिलं, कारण ते आमच्या आयटिनररीत नव्हतंच!

पण सगळ्यात पक्का लक्षात राहिला तो एक पाढा. पंचेचाळीसचा. तेव्हा एक सिंगापूर डॉलर साधारण ४५ रुपयांना पडायचा. आता तो साठीच्या पुढे गेलाय, ते सोडा. पाण्याची बाटली दोन डॉलर, म्हणजे नव्वद रुपये! आइस्क्रीम गुणिले पंचेचाळीस, कीचेन गुणिले पंचेचाळीस. लिटल इंडियातल्या मुस्तफा सेंटरमध्ये एक मैत्रीण बाबांसाठी घड्याळ हातात घ्यायची, ओठांतल्या ओठांत गुणाकार करायची आणि परत ठेवायची. तीनदा. ‘जपून खर्च कर’ असं आम्हाला निघताना कुणी बजावलं नव्हतं. पण ट्रिपसाठी घरात एखादी एफडी मोडलीय, कुणाच्या आईने भिशी लवकर उचललीय, हे चौदाव्या वर्षी बरोबर कळतं.

आणि हे झालं गेलेल्यांचं. आमच्या वर्गात आम्ही ५६ जण होतो. त्यातले २१ गेलो. उरलेल्या ३५ जणांची शाळा त्या आठवड्यात नेहमीसारखीच भरली, फक्त नवा धडा सुरू केला नाही, रिव्हिजन घेतली. सर्क्युलरवर लिहिलेलं होतं, ‘सहल ऐच्छिक आहे.’ म्हणजे ज्याची इच्छा असेल त्याने यावं. इच्छा तर छप्पन्न जणांची होती!

माझी बेंच पार्टनर त्या ३५ जणांत होती. ‘मला विमानात उलटी होते गं,’ असं तिने तेव्हा सांगितलेलं. विमानात कधी न बसता! आम्हाला नोकऱ्या लागल्यावर एकदा कॉफी पिताना तिने खरी गोष्ट सांगितली. ते सर्क्युलर तिने घरी दाखवलंच नव्हतं. चार घड्या घालून कंपासपेटीत ठेवलं आणि तारीख उलटून गेल्यावर फाडलं. म्हटलं, ‘अगं, विचारून तरी बघायचंस.’ ती शांतपणे म्हणाली, ‘विचारलं असतं तर बाबांना नाही म्हणावं लागलं असतं ना.’

आम्ही गुणाकार मुस्तफात शिकलो. तिने तो घरबसल्या, पासपोर्ट न काढता केला होता. आणि त्यात बाबांचा चेहराही धरला होता.

म्हणून परदेशी सहलींना नावं ठेवायची का? मुळीच नाही. मला ते पाच दिवस कुणी परत दिले तर आजही पिवळी टोपी घालून जाईन! पण आपण सिंगापूरला जाऊन एकही शाळा, एकही घर पाहिलं नव्हतं. पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या काही शाळांची मुलं एक्स्चेंजमध्ये तिथल्या घरात राहतात, आणि तिथली मुलं इथे येतात. मग न गेलेल्यांच्या वर्गातही परदेश थोडासा येऊन बसतो. निदान एवढं तरी शाळांना जमावं.

हल्ली सर्क्युलर कागदावर येत नाही, थेट आईबाबांच्या मोबाइलवर येतं. ते कंपासपेटीत लपवायची सोय आता कुठल्याच चौदा वर्षांच्या मुलीला नाही. तेव्हा तुमच्या भाचीच्या शाळेचा तसा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला, तर ‘वॉव, सिंगापूर!’ टाइप करण्याआधी एकदा तिच्याकडे बघा. ती कदाचित मनातल्या मनात गुणाकार करत असेल.