दहावीचा भूगोल आणि गोदेचा काठ

दहावीचे वर्ष उजाडले की सुशिक्षित घरांतून वेळापत्रक आखले जाते. पहाटेची शांत वेळ गणिताची, सायंकाळ शास्त्राची, इंग्रजीस स्वतंत्र शिकवणी. भूगोल मात्र रविवारी जेवणानंतर, डोळ्यांवर झापड असताना वाचावयाचा. लेखी परीक्षेत त्याचे गुण ४०, आणि अकरावीस शास्त्रशाखा घेतली की बहुधा त्याला कायमचीच रजा. सबब नद्यांची नावे घोकावी, नकाशा भरावा, उत्तरे लिहावी आणि विसरून जावे, असा शिरस्ता पडला आहे. या शिरस्त्याविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. उदाहरण म्हणून पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगाव घेऊ.

आपल्या घरी पूजेच्या आरंभी संकल्प सोडताना काळाबरोबर स्थळाचाही उच्चार होतो. पुण्याचे यजमान आपण गोदावरीच्या दक्षिण तीरावर आहोत असे सांगतात. कोपरगाव शहरातील यजमानास उत्तर तीर म्हणावे लागते, कारण शिर्डीकडे जाताना त्यास नदी ओलांडावी लागते. आपण पृथ्वीच्या पाठीवर कोठे बसलो आहोत, हा भूगोलाचा पहिला प्रश्न आपल्या देवघरात पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे. तोच प्रश्न शाळेच्या पुस्तकात आला की आपण त्यास दुय्यम लेखावे, हे नवल नव्हे काय?

२०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे आणि पुढील पाठांत भारत व ब्राझील यांची तुलना आहे. ‘ब्राझीलशी आमच्या मुलांचा काय संबंध?’ असे वडील मंडळी विचारतात. कोपरगावात तरी हा प्रश्न विचारू नये. ज्या उसावर या तालुक्यातील साखर कारखाने चालतात, त्याच्या उत्पादनात जगात ब्राझील पहिला आणि भारत दुसरा आहे. तिकडे पीक किती आले, उसाची साखर किती झाली आणि इथेनॉल किती, यावर जगातील साखरेचा बाजार हलतो. आणखी एक मौज मुलांना दाखवावी. कोपरगाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २० अंशांवर आहे. ब्राझीलमधील बेलो होरिझोन्ते हे मोठे शहर दक्षिणेस जवळजवळ तितक्याच अंशांवर. मग मे महिन्यात इकडे अंगाची लाही होत असता तिकडे कोणता ऋतू असेल? जे उत्तर मुलाने किंवा मुलीने स्वतः नकाशावरून काढले, ते घोकावे लागत नाही.

आता घराजवळचा प्रश्न. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीस वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे १०० किलोमीटर पूर्वेस असलेल्या कोपरगावास तो ५०० च्या आसपास मिळतो. पर्जन्यछायेचा हा प्रदेश. येथे पाण्यावाचून न तगणारा ऊस कसा उभा राहिला? विसाव्या शतकाच्या आरंभी निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर येथे गोदावरी अडवून तिच्या दोन्ही तीरांनी कालवे काढण्यात आले आणि १९१६ साली दारणा धरण पुरे झाले, म्हणून. सह्याद्रीवर पडलेला पाऊस कालव्याने कोपरगावच्या काळ्या जमिनीत आला, एवढेच या समृद्धीचे रहस्य.

परंतु नदी कोपरगावापाशी संपत नाही. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली ही नदी १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते, आणि वाटेत पैठणजवळ १९७६ साली पूर्ण झालेले जायकवाडी धरण मराठवाड्याची तहान भागविते. तुटीच्या वर्षी पाणी वर ठेवावे की खाली सोडावे, यावरून काठाकाठांत वाद पेटतो. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व घातले, तरी कायदा मनात उतरण्यास नकाशा कळावा लागतो. ज्यास नदीचे खोरे म्हणजे काय हे उमगले, तो खालच्या गावास पाणी चोरणारा म्हणत नाही. आणि आपल्या कालव्याचा वाटा का हवा, हेही आकड्यांनिशी मांडू शकतो. ज्याने केवळ ४० गुणांपुरता भूगोल वाचला, त्याच्या हाती उद्या फक्त घोषणा उरते. पाण्याचा निवाडा ज्या पिढीने करावयाचा, ती आज दहावीत बसली आहे.

याकरिता शिकवणीची गरज नाही. जेवणघराच्या भिंतीवर जिल्ह्याचा आणि जगाचा असे दोन नकाशे लावावे. वर्तमानपत्रात आलेले गाव मुलांनी त्यांवर शोधावे. एकत्र कुटुंबात शिक्षक घरातच असतात. आजोबांनी पाहिलेले पूर, आजींनी सोसलेले टंचाईचे उन्हाळे, काकांना ठाऊक असलेली जमिनीची जात, हे सारे पुस्तकातील पाठांचेच भाष्य आहे. एका रविवारी वडीलधाऱ्यांसह नदीचा घाट, कालव्याची चारी आणि उसाचा फड पाहून मुलांनी दोन पाने लिहावी. प्रत्येक नावापुढे ‘हे येथेच का?’ एवढा प्रश्न घालण्याची सवय लागली, तर गुण मिळतीलच. आणि शाखा कोणतीही घेतली तरी भूगोल सुटणार नाही.