समाजसेवेची पदवी आणि घरचा हिशेब

गेल्या पौर्णिमेला सिद्धार्थनगरातल्या विहारात वंदना आटोपली आणि गवंडीकाम करणारे एक बंधू आपल्या मुलीला घेऊन आमच्यापाशी येऊन बसले. मुलगी बी.ए. झालेली. तिला एम.एस.डब्ल्यू. करायचे आहे. बंधू म्हणाले, "पोरगी हुशार हाय, समाजाचं काम करीन म्हणती. पण कर्ज काढाय लागंल. शिकून पगार किती, आन् कर्ज फिटायचं कवा?" शेजारचे एक काका मध्येच बोलले, "समाजसेवेला पदवी कशाला लागती? ती फुकटच करायची असती." मुलगी मान खाली घालून गप्प राहिली.

बापाचा प्रश्न आम्हाला रास्त वाटला. काकांचे म्हणणे मात्र पटले नाही. टीबीच्या रोग्याला औषध मध्येच सोडू न देणे, नवऱ्याने टाकलेल्या बाईला कायद्याची वाट दाखवणे, बालगृहातल्या मुलाला बोलते करणे, ही कामे शिकून करायची आहेत. फुकट काम करायला घरात आधी खायला असावे लागते. मोबदला मागायचा नाही असे ठरले, तर हे क्षेत्र सुस्थितीतल्या घरांच्याच हाती राहील आणि आपल्या वस्तीचे दुःख दुसरेच कोणी मांडत राहतील.

मग कर्ज काढावे का? बाबासाहेबांनीही काढले होते. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला ते लंडनला निघाले, तेव्हा मित्र नवल भथेना यांच्याकडून त्यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले. आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दीड हजारांची मदत केली. पण त्याआधी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, काटकसरीने राहून त्यांनी स्वतःचीही शिल्लक टाकली होती. आधी शिल्लक, मग मदत आणि उरलेल्या गरजेपुरते कर्ज, असा तो हिशेब आम्हाला दिसतो.

आपणही तोच क्रम धरावा. पहिली मदत हक्काची. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्या घरातल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला, जात पडताळणी, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेले बँक खाते हे सारे प्रवेशाआधीच तयार ठेवावे. प्रवेश घेताना कॉलेजला तीन गोष्टी विचाराव्या: कॉलेज अनुदानित आहे का, या अभ्यासक्रमाला शिष्यवृत्ती लागू आहे का, आणि शिष्यवृत्ती येईपर्यंत फी थांबवणार का.

फी माफ झाली तरी राहण्याचा आणि जेवणाचा खर्च राहतोच. शाहू महाराजांनी हे ओळखले होते. म्हणून १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. २०१८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या विद्यार्थ्यांना संप करावा लागला, तोही शिष्यवृत्तीच्या मुलांची वसतिगृह व खानावळीच्या शुल्कातली सूट बंद झाली म्हणूनच. एम.एस.डब्ल्यू.च्या मुलांना आठवड्यातले काही दिवस क्षेत्रकार्यासाठी वस्त्यांत, दवाखान्यांत, संस्थांत जावे लागते. त्यामुळे दिवसाची नोकरी धरता येत नाही आणि एस.टी.चे भाडे वाढते. हा खर्च आधीच मांडावा.

आता पगार. संस्थांतल्या नेमणुका पुष्कळदा प्रकल्पापुरत्या किंवा अकरा महिन्यांच्या कराराच्या असतात. प्रकल्प संपला की पगारही थांबतो. सरकारी रुग्णालयातली समाजसेवा अधीक्षकाची किंवा परिविक्षा अधिकाऱ्याची जागा चांगली, पण थोड्या जागांना अर्ज फार. मोठ्या कारखान्यांना कामगार कल्याण अधिकारी नेमावा लागतो. १९४८ च्या कायद्यात त्यासाठी पाचशे कामगारांची अट होती, २०२० च्या संहितेत ती अडीचशेवर आली. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल जवळ असताना आपल्या मुलांनी ही वाटही पाहून ठेवावी. कॉलेजच्या पत्रकावर विसंबू नये. मागल्या दोन वर्षांत पास झालेल्या चार मुलांना गाठून हातात किती पडते, वेळेवर पडते का, हे विचारावे.

कर्जाचा आकडा त्या बंधूंना आम्ही कागदावर मांडून दाखवला. समजा, दहा टक्के व्याजाने दोन लाख घेतले. शिक्षणाची दोन वर्षे आणि सवलतीचे एक वर्ष धरले, तर सरळ व्याजच साठ हजार होते. पुढे पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे साडेपाच हजार. एकच लाख घेतले तर पावणेतीन हजार. पहिला पगार पंधरा हजार धरला, तर आमच्या मते हप्ता त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या, म्हणजे तीन हजारांच्या वर जाऊ नये. एक लाख झेपतात, दोन लाख झेपत नाहीत.

शैक्षणिक कर्ज बँकेतूनच घ्यावे. चार लाखांपर्यंत बँकेने तारण मागायचे नाही, असा नियम आहे. सावकाराचे किंवा आठवडी हप्त्याचे कर्ज शिक्षणासाठी कधीही घेऊ नये. त्याचा हप्ता लगेच सुरू होतो, आणि पहिल्याच वर्षी मुलीचे कॉलेज सुटते.

हप्त्याच्या ओझ्याखाली दबलेली मुलगी वस्तीतले काम सोडून मिळेल ती नोकरी धरते. मग पदवी मिळूनही समाजाच्या हाती काही लागत नाही. म्हणून कर्ज कमी ठेवणे हेही समाजकार्यच आहे. जयंतीच्या वर्गणीतून विहाराने अशा एका मुलीचा प्रवासखर्च वर्षभर उचलला, तर डॉल्बीच्या एका रात्रीपेक्षा ते अधिक काळ टिकेल.

कागद पाहून मुलगीच म्हणाली, "पुण्याला नको. इथंच घरी राहून शिकते." बंधू दुसऱ्या दिवशी कामाचा खाडा करून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलदार कचेरीत गेले. काकांनी आमच्याकडून तो कागद मागून घेतला. त्यांचा नातू यंदा बारावीला आहे.

जयभीम!