देवाकडे वजनकाटा नसतो

वजन उतरलं की ऑफिसात कॉम्प्लिमेंट्सचा पाऊस पडतो. पण कधी कधी त्या उतरलेल्या वजनामागे जिम नसते, आजार असतो. अ‍ॅनोरेक्सिया! खाण्याची भीती, वजनाचा ध्यास आणि आरशात दिसणारं साफ खोटं. 'कार्पेंटर्स'ची गायिका कॅरन कार्पेंटर १९८३ मध्ये याच आजाराने गेली. वय अवघं ३२.

बेलफास्टच्या एमा स्क्रिव्हनरला तो शाळेत असताना झाला. ती सावरली. पुढे बायबल कॉलेजात गेली, धर्मोपदेशकाशी लग्न केलं. म्हणजे आता हॅपी एंडिंग? छे! आजार परत आला, आणि या वेळी थेट जिवावर बेतला. २०१२ मध्ये आलेल्या 'अ न्यू नेम' या पुस्तकात तिने हे सगळं प्रांजळपणे लिहिलंय.

मग श्रद्धेचा उपयोग काय? खरी गोष्ट इथेच सुरू होते. धर्म हाही एक कडक डाएट चार्ट होऊ शकतो. सिएनाची संत कॅथरीन टोकाचे उपास करत १३८० मध्ये तेहतिसाव्या वर्षी गेली. अशा संत स्त्रियांवर इतिहासकार रुडॉल्फ बेल यांनी १९८५ मध्ये 'होली अ‍ॅनोरेक्सिया' हे पुस्तक लिहिलं. आपल्याकडेही 'आज उपास आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न कोण विचारतं?

एमाला तारलं ते आणखी एका नियमाने नव्हे, तर ग्रेसने. मराठी बायबलमध्ये त्याला 'कृपा' म्हणतात. म्हणजे प्रेम आधीच मिळालेलं आहे. ते बारीक होऊन, शहाण्यासारखं वागून कमवायचं नाही. मार्क्स, टार्गेट आणि अप्रेझलवर वाढलेल्या आपल्याला हे पचायला जडच! पण 'मी पुरेशी नाही' या भीतीवर जगणाऱ्या आजाराची रसदच त्याने तुटते.

अर्थात, प्रार्थना हा डॉक्टरला पर्याय नाही बरं का. अ‍ॅनोरेक्सियात हृदयही दगा देऊ शकतं. त्यामुळे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ हवेतच. सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन आहे : १४४१६.

आणि हो, हा फक्त मुलींचा आजार नाही. शेजारच्या क्युबिकलमधला मित्र रोज डबा टाळत असेल, तर त्याच्या वजनावर बोलू नका. 'कसा आहेस?' एवढंच विचारा. आणि खरं उत्तर येईपर्यंत थांबा.