गाव नावाच्या नदीकाठी

वाचकहो, एरवी या पानावर मी पाणी, दूध आणि लोकल यांच्या पलीकडे जात नाही. पण दिवाळीत जरा लांब गेलो तर संपादक रागवत नाहीत. म्हणून यंदा थेट फ्रान्स!

आमची धाकटी आणि जावईबापू तुलूजला असतात. उन्हाळ्यात आम्ही उभयता तिकडे गेलो होतो. एका रविवारी जावईबापू म्हणाले, "बाबा, चला, तुम्हांला गोल्फ दाखवतो." दोनएक तासांवर पो नावाचे शहर आहे. त्याच्या कडेने वाहणाऱ्या नदीचे नाव चक्क 'गाव'! त्या मुलखात पहाडी नदीला गावच म्हणतात. "बरे झाले, परत गावी आलो!" असे आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या.

या नदीकाठी १८५६ साली स्थापन झालेला गोल्फ क्लब आहे. युरोपच्या मुख्य भूमीवरचा हा सर्वांत जुना. (आपला कलकत्त्याचा मात्र त्याच्याही आधीचा, १८२९ चा! हे मी जावयाला दोनदा ऐकवले.) १८१४ साली वेलिंग्टनच्या फौजेने जवळच ऑर्तेझला फ्रेंचांना हरवले, तेव्हा तिच्यातल्या स्कॉटिश अधिकाऱ्यांनी येथे प्रथम चेंडू टोलवला, अशी आख्यायिका आहे. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली असईला मराठ्यांशी लढलेला तोच वेलस्ली!

मैदान आटोपशीर. खळगे अठरा, पण अंतरे लहान आणि जमीन सपाट. चांगल्या खेळाडूने जितक्या टोल्यांत फेरी पुरी करावी, त्या आकड्याला 'पार' म्हणतात. मोठ्या मैदानांवर तो बहुधा ७२ असतो, येथे ६९. माझे वयही तेच.

जावईबापूंनी मोटारीच्या डिकीतून काठ्यांची पिशवी काढली आणि मी काही विचार न करता तिचा पट्टा खांद्यावर अडकवला.

"अहो बाबा, हे काय? तिला चाकांची गाडी आहे!"

"असू द्या," मी म्हणालो. "माझे वडील लहानपणी चेंबूरच्या मैदानावर साहेबांच्या पिशव्या उचलत."

लग्नाच्या बैठकीत हे मी सांगितले नव्हते. व्याही मंडळी मोठी. 'वडील नोकरीत होते' एवढ्यावर भागवले होते. वडिलांचा डावा खांदा शेवटपर्यंत किंचित उतरलेला होता, शिंपी दर दिवाळीला त्याबद्दल विचारी, हे तर लेकीलाही ठाऊक नव्हते. सौभाग्यवती नदीकडे पाहू लागल्या.

थोड्या वेळाने जावईबापूंनी विचारले, "आजोबा स्वतः कधी खेळले का हो?"

"मैदानावर नाही. घरी आंब्याची कोय छत्रीने टोलवीत."

त्यांनी माझ्या हाती काठी दिली. चार टोले हवेत गेले. पाचव्याला चेंडू वीसेक पावले गेला असेल. मग पिशवी जावईबापूंनी आपल्या खांद्यावर घेतली. चाकांची गाडी डिकीतच राहिली.

टोले मोजायचे काम सौभाग्यवतींकडे होते. शंभर झाल्यावर त्यांनी मोजणे सोडून दिले. तेव्हा आम्ही सातव्या खळग्यापाशी होतो.