घर आपले, मर्जी ठेकेदाराची?



आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. गृहकर्जाच्या फाइलीवर आपल्यातले आडनाव दिसले की आम्ही ती कौतुकाने उघडतो आणि बहुतेक वेळा खिन्न होऊन मिटतो. रामबाग, नारायण बाग, मल्हारगंज इथली आजोबांची घरे पाडून तिथे नेमके काय उभे राहणार, हे घरमालकालाच ठाऊक नसते. विचारले तर ठरलेले उत्तर : "ठेकेदार बघतोय ना!"

होळकरांबरोबर आलो म्हणून छाती फुगवणारे आपण स्वतःच्या चार भिंतींबाबत इतके बेफिकीर कसे?

घर बांधायच्या तीन वाटा आहेत आणि तिन्ही आपल्या इंदुरातच पाहायला मिळतात. पहिली, तयार भाग आणून जोडण्याची. 'लाइट हाउस' योजनेची पायाभरणी १ जानेवारी २०२१ रोजी झाली. तिच्यात पोलादी सांगाड्यावर तयार सँडविच पॅनेल बसवून १,०२४ सदनिका उभारल्या. काम झटपट, भिंत हलकी. पण एवढ्या संख्येत जे परवडते ते एकट्या घराला परवडेलच असे नाही. आपल्या बोळात क्रेन शिरत नाही, आणि उद्या वर खोली चढवायची तर ते गल्लीतल्या मिस्त्रीचे काम नव्हे.

दुसरी वाट भक्कम बांधणीची. दगड-लाकडाचा राजवाडा १९८४ च्या आगीत होरपळला, तरी जळालेला भाग पुढे मूळच्याच पद्धतीने पुन्हा बांधता आला. भक्कम ते असे! पण सिमेंट दिसले की घर पक्के, हा आपला भ्रम आहे. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मातीची तपासणी न करता पाया घेतला, स्लॅबवर पुरेसे दिवस पाणी मारले नाही, तर महागडे सिमेंटही तडे रोखत नाही.

तिसरी वाट वास्तुविशारदाची. इथे आपली मंडळी नाके मुरडतात : "ते श्रीमंतांचे चोचले!" साफ खोटे. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी ऐंशीच्या दशकात इंदुरात अरण्य वसाहत आखली ती मुख्यतः गरिबांसाठी. सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा. त्यावर जोते, संडास-मोरी आणि पाण्याची सोय करून द्यायची, बाकीचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. या कामाला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. गरिबाच्या घरासाठी वास्तुविशारद डोके चालवतो, आणि आपण पदवीधर म्हणतो, परवडत नाही!

आता कारकुनी हिशेब. ३० लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत. हप्ता सुमारे २७ हजार, आणि नुसते व्याजच जवळजवळ ३५ लाख. ते आपण मुकाट्याने भरतो. घासाघीस कुठे करतो? नकाशाच्या आणि माती तपासणीच्या फीवर!

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जुन्या वस्तीत, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या जागेवर बांधणी भक्कमच हवी. पण ती वास्तुविशारदाच्या नकाशावर आणि अभियंत्याच्या सहीने व्हावी. तयार भागांचे घर मोकळ्या भूखंडावर, घाई असेल तिथे जरूर करा. वाट कोणतीही धरा, निर्णय मात्र तुमचा असू द्या.

आणि कार्यकारिणीला एक सवाल. स्मार्ट सिटीच्या रस्तारुंदीकरणात राजवाड्याभोवतालच्या घरांचे पुढचे भाग कापले गेले, तेव्हा हळहळण्यापलीकडे आपण काय केले? गणेशोत्सवाच्या मांडवाला वर्गणी निघते, मग समाजातल्या निवृत्त अभियंत्यांची एक सल्ला समिती का निघू नये? आठवड्यातून एक संध्याकाळ, मंडळाच्याच खोलीत, घर बांधू पाहणाऱ्याचा नकाशा कुणी जाणत्याने नजरेखालून घालावा. खर्च चहाचा.

येत्या वार्षिक सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. विरोध करणाऱ्यांनी येताना आपल्या घराचा नकाशा आणावा. सापडला तर!