डुकरावर राग, लशीकडे पाठ

धानाच्या बांध्या पाण्याने भरल्या की पूर्व विदर्भात मेंदूज्वराची चर्चा सुरू होते. मोकाट डुकरे पकडा, धुराची गाडी फिरवा, अशा मागण्या होतात. मागण्या चुकीच्या नाहीत. पण तेवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे.

जपानी मेंदूज्वराचा विषाणू मुळात माणसाचा नव्हेच. त्याचे घर बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत आणि डुकरांत. डुकराच्या रक्तात तो झपाट्याने वाढतो, तरी डुक्कर सहसा आजारी दिसत नाही. धानाच्या पाण्यात वाढलेला क्यूलेक्स डास संध्याकाळी किंवा रात्री त्याला चावतो आणि काही दिवसांनी अंगणात झोपलेल्या एखाद्या मुलाला. गाई-बैलांनाही हा डास चावतो, पण त्यांच्या रक्तात विषाणू पुरेसा वाढत नाही. माणसाचेही तसेच. डेंग्यू डासामार्फत माणसाकडून माणसाला होतो. हा रोग तसा पसरत नाही.

यातला अर्थ नीट समजून घ्यायला हवा. गोवराची लस बहुतेक मुलांनी घेतली की उरलेल्यांनाही आडोसा मिळतो. येथे तो आडोसा नाही. सारी आळी लस घेऊन मोकळी झाली, तरी तुमच्या लस न घेतलेल्या मुलाचा धोका तसूभरही कमी होत नाही. डुकरे हटवली तरी बगळे येतच राहणार!

जपानचेच उदाहरण घ्या. तेथे एकेकाळी वर्षाला हजारो रुग्ण सापडत. आज मोजके सापडतात. विषाणू मात्र तेथील डुकरांत अजूनही आढळतो. मुलांना लस मिळाली आणि डुकरांचे गोठे वस्तीपासून दूर गेले, एवढाच काय तो फरक. आपल्याकडे २००५ साली गोरखपूर परिसरात हजारावर बळी गेले, त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर २००६ पासून लसीकरणाची मोहीम सुरू झाली.

लागण झालेल्या शेकडो जणांत एखाद्यालाच मेंदूज्वर होतो, हे खरे. पण ज्यांना होतो, त्यांपैकी दर दहांत तिघांपर्यंत दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना अपंगत्व येते. यावर खास औषध नाही.

डुकरे पाळणारे बहुधा गरीब असतात. त्यांना शिव्या देण्याऐवजी वस्तीबाहेर जागा द्यावी, हे नगरपालिकेचे काम. आपले काम त्याहून सोपे आहे. जोखमीच्या जिल्ह्यांत ही लस मोफत मिळते : पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. मुलाचे लसीकरण कार्ड आजच काढून पाहा. नोंद नसेल तर आरोग्य केंद्रात विचारा. रात्री मच्छरदाणी लावा. तीव्र तापात मूल बरळू लागले वा झटके आले, तर अंगारे-धुपारे न करता थेट रुग्णालय गाठा.