देऊन टाकलं म्हणजे संपलं?

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की घराघरांतून कपड्यांची गाठोडी निघतात. पूर्वी ती बोहारणीसमोर सुटायची. बोहारीण पँट उजेडाला धरून गुडघ्यापाशी विरलीय का ते बघायची, साडीची जर बोटांनी चाचपायची आणि मग एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस चालायची. काही वस्त्यांतून ती अजून फिरते, पण गाठोड्यातलं बरंचसं परत करते. गोळे आलेली लेगिंग, चार धुण्यांत वेडावाकडा झालेला कुर्ता, काखेत उसवलेला टी-शर्ट. याला गिऱ्हाईक नाही, ताई.

फास्ट फॅशनच्या, म्हणजे झटपट घेतल्या आणि टाकल्या जाणाऱ्या स्वस्त कपड्यांच्या चर्चेत पाणी, कार्बन, सांडपाणी हे सगळं येतं आणि ते यायलाही हवं. मला मात्र हा नकार फार बोलका वाटतो. जुन्या कपड्याला किंमत होती, कारण तो दुसऱ्याच्या अंगावर जायचा, मग गोधडीत आणि शेवटी पुसायच्या फडक्यात. नवा धंदा कपड्याचं हे पुढचं आयुष्यच काढून घेतो.

बोहारीण घेत नाही तेव्हा आपण दान करतो. २००४च्या त्सुनामीनंतर देशभरातून गेलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग तमिळनाडूत रस्त्याकडेला पडून राहिले होते. ज्यांचं घरदार वाहून गेलं, त्यांनाही ते घालावेसे वाटले नाहीत. ‘गूंज’ या संस्थेने नंतर असे कपडे निवडले, धुतले आणि त्यांतल्या सुती कापडाचे सॅनिटरी पॅड बनवले. लक्षात घ्या, सुती कापडाचे. पॉलिस्टरचा तिथे उपयोग नव्हता.

‘रिसायकल होतं की’ असं म्हणूनही आपण स्वतःची समजूत काढतो. हरियाणातलं पानिपत हे जुन्या कपड्यांचं मोठं केंद्र. परदेशातून आलेले लोकरीचे स्वेटर तिथे बटणं-चेन काढून रंगवार लावतात, फाडतात, पिंजतात आणि पुन्हा सूत काततात. रंगवार निवड असल्यामुळे पुन्हा रंगवावंही लागत नाही. मदतकार्यात वाटल्या जाणाऱ्या कितीतरी घोंगड्या याच सुताच्या. पण तंतूंची भेसळ असलेला कपडा या साखळीत नीट बसत नाही आणि स्वस्त पॉलिस्टर ब्लँकेटांनी या घोंगडीचंही गिऱ्हाईक पळवलं. एलेन मॅकार्थर फाउंडेशनच्या २०१७च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी एक टक्क्याहून कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. त्याच अहवालानुसार त्याआधीच्या पंधरा वर्षांत कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं होतं.

उरलेलं जातं कुठे? चिलीमधल्या इकिके बंदरात श्रीमंत देशांचे वापरलेले आणि न खपलेले कपडे उतरतात. विकले न गेलेले हजारो टन कपडे जवळच्या अटाकामा वाळवंटात टाकले जातात. तिथे पाऊस जवळजवळ नाही आणि पॉलिस्टर कुजत नाही.

इतक्या सहज टाकवतं, कारण घेताना काही वाटत नाही. किंमतच तेवढी कमी असते. ती कशी कमी होते, हे ढाक्याजवळच्या सावरमध्ये जगाने पाहिलं. २३ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला तडे गेलेले दिसले. दुसऱ्या दिवशी खालची बँक बंद राहिली. वरच्या शिवणकारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं, कारण परदेशी ऑर्डरींची तारीख गाठायची होती. त्या सकाळी इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. त्यांत बायका जास्त होत्या.

सणाला वर्षातून एकदाच नवा कपडा घेणाऱ्या माणसाला हे सुनावण्यात अर्थ नाही. स्वस्त कपडा ही त्याची गरज आहे. प्रश्न ज्यांच्या कपाटाचं दार लागत नाही अशांचा आहे, म्हणजे हा मजकूर वाचणाऱ्या बऱ्याच जणांचा आणि लिहिणाऱ्याचाही. घेताना शिवण उलटून बघावी, आतली पट्टी वाचावी, मिश्र तंतूंपेक्षा एकाच तंतूचं कापड निवडावं, उसवलं तर शिवून घ्यावं. शेजारच्या गल्लीतल्या शिंप्यालाही काम मिळेल.

पण एकेकट्याच्या शहाणपणाने हा ढीग हटणार नाही. फ्रान्समध्ये कपडे विकणाऱ्या कंपन्यांना त्या कपड्यांच्या कचऱ्याच्या व्यवस्थेसाठी पैसे मोजावे लागतात आणि न खपलेला माल जाळायला तिथे २०२०च्या कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे प्लास्टिक, बॅटरी आणि टायर बनवणाऱ्यांवर अशी जबाबदारी टाकलेली आहे. कपडेवाल्यांवरही ती टाकायला हवी. मॉलमध्ये ‘जुने कपडे इथे टाका’ असा खोका ठेवला म्हणजे ती पार पडली, असं कुणी समजू नये.